सिस्टरताईंना विचारा : ताप लपवू नका, पगारही लपवू नका

(जुलै २०२०, दुसरा पंधरवडा)

या पंधरवड्यात एकेचाळीस पत्रं आली. पोस्टाने एकच. बाकी सगळी व्हॉट्सॲपवर, वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवलेली. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही. ज्यांना तातडी होती त्यांना मी फोन केले आहेत.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत चौतीस वर्षं नर्स होते. त्यातली अकरा वर्षं शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात गेली. राहते लालबागला, चाळीत. पैशांच्या प्रश्नांची गणितं आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे काका करून देतात. ते बँकेतून निवृत्त झालेत. आकडे त्यांचे, सांगणं माझं.

प्रश्न : आम्ही काळाचौकीला चाळीत राहतो. खोली दहा बाय बाराची, माणसं पाच, संडास मजल्यावर सगळ्यांना मिळून. वडील अडुसष्ट वर्षांचे, त्यांना साखरेची गोळी चालू आहे. तीन दिवस ताप आहे. दम लागत नाही म्हणतात. आई म्हणते कुणाला बोलू नकोस, मजला सील करतील, नळावर पाणी भरू देणार नाहीत. काढा, वाफ आणि पॅरासिटामॉल चालू आहे. बरोबर करतोय ना?

उत्तर : असल्या पत्राचं उत्तर पंधरा दिवसांनी छापून काय उपयोग? पत्र आलं त्याच संध्याकाळी मी फोन लावला. पुढचं सगळं या मुलाच्या परवानगीने लिहिते आहे, कारण अशीच आणखी सात पत्रं माझ्यासमोर आहेत.

त्यांच्या खालच्या मंडळाच्या पोरांकडे रक्तातला प्राणवायू मोजणारं ऑक्सिमीटर होतं. ते मागवलं. बोटाला लावल्यावर पहिला आकडा आला ८९. घरात रडारड सुरू झाली. मी विचारलं, काका, म्हणजे तुझे वडील, आत्ता काय करत होते? तर नुकतेच नळावर हातपाय धुऊन आले होते, बाहेर पाऊस, बोटं गार पडलेली. म्हटलं, हात पुसा, तळवे एकमेकांवर चोळा, पाच मिनिटं स्वस्थ बसा, मग मधलं बोट घाला आणि आकडा स्थिर होईपर्यंत हलू नका. आता ९५ आला. आई मागून म्हणाली, "बघा, काही नाहीये."

मी म्हटलं, आता काकांना गॅलरीत चालवा. घड्याळ लावून सहा मिनिटं, नेहमीच्या चालीने. कुणीतरी सोबत राहा. फोन कठड्यावर ठेवलेला होता, मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. चौथ्या मिनिटाला चपला थांबल्या. काका म्हणाले, "दम नाही लागला, पाय दुखले जरा." आकडा होता ९०.

कोरोनाची हीच मोठी भीती आहे. रक्तातला प्राणवायू खाली जातो आणि माणसाला ते जाणवत नाही. तो बसून गप्पा मारतो, चहा मागतो. म्हणून "दम लागत नाही" यावर विसंबू नका. बसल्या जागी ९४ पेक्षा खाली आकडा आला, किंवा सहा मिनिटं चालल्यावर तीनपेक्षा जास्त अंकांनी उतरला, तर त्याच रात्री रुग्णालय गाठायचं. मुलाने महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनला फोन केला, तिथून त्यांच्या वॉर्डाच्या वॉर रूमला जोडून दिलं, साडेदहाला ॲम्ब्युलन्स आली. काका अकरा दिवस महापालिकेच्या रुग्णालयात होते, त्यातले आठ प्राणवायूवर. आता घरी आहेत. परवा माझ्याशी बोलले, आवाज अजून बारीक आहे.

मजला सील झाला का? झाला. आईला ज्याची भीती होती त्यातलं निम्मं खरं ठरलं. जिन्याला दोरी बांधली, दोन घरांनी बोलणं टाकलं. पण पाणी बंद झालं नाही. समोरच्या खोलीतली वहिनी पहाटे उठून आपल्या हंड्यांबरोबर यांचेही दोन हंडे भरून दाराशी ठेवायची. तिला खरं काय ते ठाऊक होतं, म्हणून तिला मदत करता आली.

शिवडीला असताना एक बाई आपल्या नवऱ्याला घेऊन आली होती. गिरणी बंद पडलेली, खोली आमच्यासारखीच. त्याला सहा महिने खोकला होता. शेजारी ऐकतील म्हणून ती रात्री खिडकी लावून घ्यायची आणि फटीत फडकं कोंबायची. त्याच्यामागोमाग ती आली, मग थोरली मुलगी आली. औषध तिघांनाही लागू पडलं, पण ती खिडकी माझ्या डोक्यातून जात नाही. श्वासातून पसरणाऱ्या रोगाला बंद खोलीसारखं सोयीचं दुसरं काही नसतं. आमच्या क्षयाच्या वॉर्डात थंडीतही खिडक्या उघड्या असायच्या, पेशंट कुरकुर करायचे, आम्ही दुसरी चादर द्यायचो पण खिडकी लावत नसू. या महिन्याच्या सुरुवातीला जगभरातल्या २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर आवाहन केलं, की कोरोना बंद जागेतल्या हवेतूनही पसरतो हे यंत्रणांनी मान्य करावं. ते वाचलं आणि मला पहिल्यांदा ती खिडकीच आठवली.

तेव्हा चाळीत राहणाऱ्यांनी हे करा. चार खोल्या मिळून एक ऑक्सिमीटर घ्या, एकट्याने घेण्याची गरज नाही. वापरल्यावर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. नखाला रंग किंवा दाट मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. घरात तापाचं माणूस असेल तर त्याला खिडकीजवळ झोपवा, दार आणि खिडकी समोरासमोर उघडी ठेवा, त्याने आणि तुम्ही सगळ्यांनी घरातही मास्क लावा. सार्वजनिक संडासात जाताना मास्क काढू नका आणि आधीचं माणूस बाहेर आल्यावर पाच मिनिटं थांबा. घरात वेगळं ठेवायला जागाच नसेल तर महापालिकेच्या कोविड केअर सेंटरला जायला लाजू नका. तिथे खाट, जेवण आणि तपासणी फुकट आहे. दहा बाय बारात पाच जणांमध्ये "होम क्वारंटाइन" म्हणजे पाचांनाही आजार वाटून देणं.

वाफेचं पातेलं गॅसवरून उचलून मुलांच्या मधून नेऊ नका. भाजलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. काढ्याने नुकसान नाही, पण दिवसाला एक कप पुरे, आणि त्यासाठी साखरेची किंवा बीपीची गोळी सोडायची नाही.

खासगी रुग्णालयात जावं लागलं तर हे आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा. राज्य सरकारने मे महिन्यात तिथल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले आहेत. साध्या वॉर्डात दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५००, व्हेंटिलेटर असेल तर ९,०००. पीपीई किट, महागडी औषधं आणि स्कॅन यांचे पैसे वेगळे. दाखल करतानाच विचारा, "खाट सरकारी दराची की तुमच्या दराची?" तोंडी उत्तरावर थांबू नका, लिहून घ्या.

आणि पाऊस आहे हे विसरू नका. मुंबईत जुलैचा ताप मलेरिया, डेंग्यू किंवा लेप्टोही असू शकतो. तुंबलेल्या पाण्यातून चालत आला असाल तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन तसं सांगा, लेप्टो टाळायची गोळी तिथे देतात.

प्रश्न : गोरेगाव. मिस्टर खासगी कंपनीत आहेत. एप्रिलपासून अर्धा पगार होता, मला कळलं जूनअखेर, तेही क्रेडिट कार्डाचं ६२,००० चं बिल हाती लागलं म्हणून. घराचा १९,७०० चा हप्ता मात्र वेळेवर भरत होते. कर्ज वीस लाख राहिलंय, साडेआठ टक्के, पंधरा वर्षं. ऑगस्टपर्यंत हप्ता थांबवता येतो म्हणतात. थांबवू का? पीएफ काढू का? पन्नास हजारांची एक मुदत ठेव आहे, तिला हात लावायचा नाही असं सासूबाई म्हणतात.

उत्तर : ताई, तुमचं पत्र दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि पहिलं वाक्य बोलले ते असं : "घराचा हप्ता भरायला कार्ड वापरलंय म्हणजे साडेआठ टक्के वाचवायला बेचाळीस टक्के मोजले." कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांपर्यंत व्याज लागतं. बासष्ट हजारांवर ते महिन्याला एकवीसशेच्या वर जातं. "किमान रक्कम" भरत राहिलात तर मुद्दल हलतच नाही.

हप्ता थांबवण्याची सवलत रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला दिली, मग ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. पण ती माफी नाही. व्याज चालू राहतं आणि मुद्दलात मिळतं. काकांनी तुमच्या आकड्यांवर हिशेब केला. मार्चपासून सहाही महिने थांबवले असते, तर कर्ज फिटेपर्यंत १८० च्या जागी जवळजवळ १९७ हप्ते भरावे लागले असते. आता जुलै आणि ऑगस्ट, दोनच थांबवलेत तर १८५. म्हणजे पाच हप्ते वाढतात, लाखभर रुपये.

हे वाचून तुम्ही म्हणाल मग नकोच. उलट, तुमच्या बाबतीत काका म्हणतात घ्या. दोन हप्त्यांचे ३९,४०० वाचतील ते थेट कार्डावर भरा. उरलेल्या बावीस-तेवीस हजारांसाठी ठेव मोडा आणि राहिलेली रक्कम बचत खात्यात दवाखान्यासाठी ठेवा. सासूबाईंना सांगा, ठेवीवर सहा-सात टक्के मिळवून कार्डाला बेचाळीस टक्के देणं यात घराचं नुकसानच आहे. पगार पूर्ववत झाला की तेच चाळीस हजार आणि वरचं व्याज गृहकर्जात जास्तीचं भरून टाका, वाढलेले पाच हप्ते नाहीसे होतील. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर त्याला दंड लागत नाही.

पीएफ आत्ता नको. करोनासाठीच्या सवलतीत तीन महिन्यांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, किंवा खात्यातल्या शिलकीच्या ७५ टक्के, यांतली जी रक्कम कमी ती मिळते आणि परत भरावी लागत नाही. पण नोकरीच गेली तर हाताशी काय राहील? ते तेव्हासाठी असू दे.

आणि "हप्ता पुढे ढकलून देतो, आलेला ओटीपी सांगा" असा फोन आला तर लगेच ठेवून द्या. बँक ओटीपी कधीच विचारत नाही.

आता मिस्टरांसाठी दोन ओळी, त्यांना वाचायला द्या. दादा, तुम्ही घरच्यांना काळजी नको म्हणून बोलला नाहीत, हे मला कळतं. पण एप्रिलमध्ये सांगितलं असतंत तर ताईंनी किराणा, केबल, मुलांच्या क्लासचे पैसे, सगळ्याला कात्री लावली असती आणि कार्ड कदाचित पंधरा हजारांवरच थांबलं असतं. घर दोघांचं आहे, मग अर्धा पगारही दोघांनी वाटून घ्यायचा.

प्रश्न : भांडुप. भाजी साबणाच्या पाण्यात, दुधाची पिशवी सॅनिटायझरने, किराणा दोन दिवस गॅलरीत. चार महिने हेच करते आहे. हाताची सालं निघाली. थांबवलं तर चालेल का?

उत्तर : साबणाची भाजी आजपासून बंद. साबण पोटात गेला तर जुलाब, उलट्या होतात. भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, बस. दुधाची पिशवी नळाखाली धरा. सॅनिटायझर ओट्याजवळ आणूच नका, त्यात अल्कोहोल असतं, ओल्या हाताने गॅस पेटवला तर भडका उडतो. पिशव्या रिकाम्या केल्या की साबणाने वीस सेकंद हात धुवायचे आणि ते हात तोपर्यंत तोंडाला लावायचे नाहीत. रात्री झोपताना हाताला खोबरेल तेल चोळा आणि जुने सुती मोजे चढवा. आम्ही नर्सा वर्षानुवर्षं हेच करत आलो.

तुमची सगळी मेहनत पिशवीवर खर्च होते आहे, खरा धोका दुकानात आहे. परवा आमच्या खालच्या किराणा दुकानात मी पाहिलं. जमिनीवर पांढरे गोल आखलेले, माणसं बरोब्बर गोलात उभी आणि बोलायची वेळ आली की प्रत्येक जण मास्क हनुवटीवर ओढून "अर्धा किलो तूरडाळ" म्हणतोय! नेमकं बोलतानाच तोंडातून तुषार उडतात. यादी कागदावर लिहून न्या, आत न बोलता द्या आणि बाहेर उभ्या राहा. आठवड्यातून एकदाच जा, दुकान उघडतं त्या वेळेला.

रस्त्यावर लेबल नसलेलं निळं पाणी सॅनिटायझर म्हणून विकतात ते घेऊ नका. बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण ६० टक्क्यांच्या वर, परवाना क्रमांक आणि तारीख असली पाहिजे. काहींत मिथेनॉल सापडलं आहे, ते विष आहे. दहा रुपयांची साबणाची वडी त्याहून भरवशाची.

प्रश्न : वडाळा. मी चार घरी धुणी-भांडी करते. मार्चपासून सोसायट्यांनी आत घेतलं नाही. दोन घरं पगार देतात, दोन नाही. रेशन कार्ड केशरी आहे, दुकानदार म्हणतो फुकटचं तुम्हाला नाही.

उत्तर : फुकटचं धान्य, म्हणजे माणशी पाच किलो, पिवळ्या कार्डाला आणि केशरीपैकी ज्यांचं नाव अन्नसुरक्षेच्या यादीत आहे त्यांना आहे. ते आता नोव्हेंबरपर्यंत वाढवलं आहे. तुमच्या कार्डावर तसा शिक्का आहे का ते बघा. शिक्का नसलेल्या केशरी कार्डांना मे-जूनमध्ये राज्याने माणशी तीन किलो गहू ८ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ १२ रुपयांनी दिला. तो तुम्हाला मिळाला नसेल तर कार्ड घेऊन शिधावाटप कार्यालयात जा. आणि रेशन घेतलंत की दर वेळी पावती मागा, पावतीवर तुमच्या नावाने किती धान्य उचललं ते असतं. तुमच्या जनधन खात्यात एप्रिल, मे, जूनचे पाचपाचशे आलेत का, तेही पासबुक भरून तपासा.

ज्या दोन घरांनी पगार थांबवला, त्यांच्यासारख्या वाचकांना मी हात जोडून सांगते, पूर्ण जमत नसेल तर अर्धा द्या. आपल्या सोसायटीने दार बंद केलं, तिने काम सोडलेलं नाही.

प्रश्न : माहीम. बाळ दहा महिन्यांचं झालं, नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस राहिली. दवाखान्यात न्यायला भीती वाटते.

उत्तर : न्या. जवळच्या आरोग्य केंद्राला फोन करून लसीकरणाचा दिवस आणि वेळ विचारा, एकाच मोठ्या माणसाने जा, मोकळ्या जागेत थांबा. गोवर करोनापेक्षा कितीतरी वेगाने पसरतो आणि लहान बाळाला फार छळतो. अजून उशीर झालेला नाही.

प्रश्न : लालबाग. आईवडील संगमेश्वरजवळ गावी, दोघंही सत्तरीपुढचे. दरवर्षी गणपतीला आम्ही अकरा जण जातो. या वर्षी बावीस ऑगस्टला चतुर्थी. आई फोनवर रोज विचारते, "येताय ना?" काय सांगू?

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझंही गाव त्याच बाजूला, आणि मलाही रोज हाच प्रश्न येतो.

यंदा जाऊ नका. अकरा जण लालबागमधून निघणार, वाटेत दोनदा उतरणार आणि जिथे दोन म्हातारी माणसं आहेत त्या माजघरात जाऊन आरती करणार. आरती म्हणजे बंद खोलीत अर्धा तास मोठ्याने गाणं. त्यांच्यापैकी कुणाचा प्राणवायू उतरला तर गाडी मिळून मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत किती तास लागतात, ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. आपल्या लालबागच्या राजाच्या मंडळानेसुद्धा यंदा मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचं काम हाती घेतलं आहे. एवढं मोठं मंडळ थांबू शकतं, तर आपणही थांबू शकतो.

आईला "बघू" म्हणू नका. ती त्या "बघू"वर अकरा जणांचे तांदूळ दळून ठेवेल. आत्ताच स्पष्ट सांगा आणि लगेच पुढची व्यवस्था सांगा. मूर्ती वाडीतल्या कुणाला आणायला सांगा, घरगुती मूर्ती यंदा दोन फुटांपर्यंतच आहे, त्यांना उचलायलाही सोपी. पूजेचा खर्च, भटजींची दक्षिणा आणि विसर्जनाला येणाऱ्या मुलांचा चहा-फराळ यांचे पैसे आत्ताच पाठवून द्या. वडिलांच्या गोळ्या दोन महिन्यांच्या भरून घ्या. आणि व्हिडिओ कॉलची सवय आत्तापासून, रोज तिन्हीसांजेला पाच मिनिटं करा, म्हणजे चतुर्थीला बटण कुठलं यावरून गोंधळ होणार नाही. माझ्या वहिनीने फोन पाटावर तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायचं ठरवलंय. आम्ही करून पाहिलं, मखर आणि आईचा चेहरा दोन्ही नीट दिसतात.